दांड्याच्या ग्रीसगनी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय,
कृषी सहकारी संस्था (यंत्र विभाग),
गोर्न्या ग्रेदा, बानात.

अर्जदार: स्पोमेंका पेयिन, स्वयंपाकीण, यंत्रशाळेचे उपाहारगृह.

विषय: पिस्तुली ग्रीसगन रद्द करून दांड्याच्या ग्रीसगनी परत देणे, आणि चालक रादिवोय पेयिन यांना कंबाइनवरून उतरवण्याचा आदेश मागे घेणे याबाबत.

संदर्भ: १) कंबाइन क्रमांक चार जळाल्याबाबतचा चौकशी अहवाल. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांपैकी एकावर कॉफीचा पेला ठेवलेला अर्जदाराने स्वतः पाहिला आहे.

महोदय,

१. गेल्या शुक्रवारी मी आपल्या कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी असताना आतून कारकून मिलेवाबाईंचा आवाज आला, "आली बघा ग्रीसवाली. गेली आपली जेवणाची सुट्टी." खिडकीला काच आहे, पण कागद सरकवण्यापुरती खाली फट आहे, आणि माझे कान शाबूत आहेत. सदर उद्गाराबद्दल माझी तक्रार नाही. शाळा मी लवकर सोडली, पुढचे जे काही शिकले ते आपल्याच संस्थेच्या रद्दीत निघालेल्या परिपत्रकांतून शिकले. तेव्हा 'ग्रीसवाली' ही मला मिळालेली पहिलीच पदवी समजते. तक्रार एवढीच, की बाईंनी अर्ज न वाचता फटीतून परत ढकलला आणि म्हणाल्या, "ज्याचं प्रकरण त्याची संमती जोडा. बायकोच्या अर्जाला काय अर्थ?" सबब हा अर्ज नव्याने लिहिला आहे. संमतीचे काय झाले ते शेवटी येईल. कृपया शेवटपर्यंत वाचावे. आजवर कोणी वाचलेले नाही.

२. प्रकरण असे. जुलैच्या अखेरीस, आगीच्या संत मारियाच्या सणादिवशी, कालव्याकडच्या तुकड्यात गहू काढताना कंबाइन क्रमांक चारच्या डाव्या अंगातून धूर निघाला. भुश्याने पेट घेतला. चालक, म्हणजे माझा नवरा रादिवोय, याने जळते यंत्र उभ्या गव्हातून बाहेर नांगरटीवर नेले आणि मग उडी मारली. गहू वाचला, माणूस वाचला, कंबाइनचा सांगाडा उरला. चौकशी समितीने कारण दिले आहे: "चालकाचा निष्काळजीपणा तसेच सणाचा अवमान." शिक्षा म्हणून रादिवोयला पुढच्या हंगामापासून कंबाइनवरून उतरवून धान्याच्या वजनकाट्यापाशी फाटकावर बसवण्यात येणार आहे. तिथे येणाऱ्या गाडीसाठी बांबू वर करायचा आणि गाडी गेली की खाली करायचा. संस्थेचा पहिला कंबाइन मालगाडीवरून उतरवून गावात आणला तो याच माणसाने. त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती आणि त्याच्या मागून अख्खं गाव चालत आलं होतं, आपणही, हातात फुगा घेऊन. आपल्याला आठवत नसेल.

३. आता सणाविषयी. आगीच्या मारियाच्या दिवशी शेतात काम करू नये, गंजीला आग लागते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. माझी सासू त्या दिवशी चूलसुद्धा क्रूस करून मगच पेटवायची. परंतु कंबाइन काढण्याचा हुकूम रादिवोयने दिला नव्हता. आदल्या संध्याकाळी आपण यंत्रशाळेच्या अंगणात मोटारीची काच खाली केलीत आणि म्हणालात, "परवा पाऊस सांगितलाय. उद्याच काढा. मारियाला मी बघून घेतो." काच वर गेली. मी दारात कोबी चिरत होते. आपण मारियाला बघितलेत की नाही ते कळायला मार्ग नाही. तिने मात्र आम्हाला बघितले. त्या दिवशी संस्थेचे चारही कंबाइन शेतात होते. चौघांनीही तिचा सारखाच अवमान केला. त्यांपैकी तीन संध्याकाळी धुऊनपुसून शेडमध्ये उभे राहिले. तेव्हा संताने चारांतून एकच निवडला तो कोणत्या निकषावर, याचा लेखी खुलासा समितीने तिच्याकडून मागवावा. निविदा काढली होती का, हेही विचारावे. एखादी वस्तू न तपासता, न वापरता, नुसती वरून बघून निवडायची ही पद्धत मला तरी आपल्या खरेदी समितीशिवाय कुठे आढळलेली नाही. स्वर्गातही ती सुरू झाली असल्यास कठीण आहे.

४. खरेदी समितीच्या त्या बैठकीला मी हजर होते. इतिवृत्तात माझे नाव नाही, कारण हातात ट्रे असला की मी कोणाला दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात व्यापाऱ्याने यंत्राला ग्रीस भरायच्या तीन ग्रीसगनी आणि राकियाची, म्हणजे जर्दाळूच्या दारूची, एक बाटली टेबलावर ठेवली. बाटलीची चाचणी सर्वांनी मन लावून केली. ग्रीसगनींपैकी काळी, पिस्तुलासारखी जी होती ती खरेदीप्रमुख श्री. बोगोल्युब यांनी उचलली, एक डोळा मिटला आणि आपल्यावर रोखली: "हात वर, संचालकसाहेब!" आपण हात वर केलेत. सगळे खो खो हसले. आपले हात खाली यायच्या आत निवड झालेली होती.

यंत्रकारागीर लायोश यांना बोलावले होते, तेव्हा ते कोपऱ्यातून म्हणाले, "साहेब, जरा ग्रीस भरून एखाद्या निपलला लावून बघू या का? खाली ट्रॉली उभीच आहे."

"लायोशबाबा," श्री. बोगोल्युब म्हणाले, "गालिचा नवा आहे."

"मग अंगणात बघू."

"अंगणात थंडी आहे. अहो, एका हातानं चालते ही! घोडा दाबला की झालं. दुसरा हात मोकळा."

"मोकळा कशाला हवा?"

"फोन घ्यायला."

इतिवृत्तात नोंद झाली: "आधुनिक, सुटसुटीत, एकहाती." मी पेले उचलले.

५. त्याच आठवड्यात दांड्याच्या जुन्या ग्रीसगनी भंगाराच्या खोलीत गेल्या. ज्या वस्तूने एवढी वर्षे या संस्थेची यंत्रे फिरती ठेवली तिला निरोप म्हणून एक गोणपाटही मिळाले नाही. दांड्याची ग्रीसगन दिसायला बावळट असते हे मान्य. लांब नळकांडे, त्याला आडवा दांडा. एका हाताने नळकांडे धरायचे, दुसऱ्याने दांडा ओढायचा. रादिवोय ती वेगळीच धरत असे. नळकांडे उजव्या काखेत दाबायचा आणि डावा तळवा दांड्यावर ठेवून अंगाचे सगळे वजन टाकायचा. श्री. बोगोल्युब एकदा जाता जाता म्हणाले, "काय रे पेयिन, ग्रीस भरतोस की मशकबाजा वाजवतोस? लग्नबिग्न आहे का कुठं?" रादिवोयने कंबाइनच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आहे ना. ही काय नवरी." सगळे हसले. तो असा का धरतो, हे मात्र कोणी विचारले नाही. मीही नाही.

६. ग्रीसगन निवडणे म्हणजे टाय निवडणे नव्हे. ती आरशासमोर वापरत नाहीत. ती वापरायची जागा म्हणजे यंत्राच्या पोटाखाली, पाठीत गव्हाची धसकटं टोचत असताना, नाकात भुसा, वर उन्हाने तापलेला पत्रा, आणि निपल, म्हणजे ग्रीस आत जायचे टोक, नेमका पट्ट्याच्या चाकामागे, जिथे डोळा पोचत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही बघावी, की तिची रबरी नळी तिथवर पोचते का. मग तिच्या तोंडाने निपल घट्ट धरला पाहिजे आणि काम झाल्यावर सोडलाही पाहिजे. आपल्या नवीन गनी धरताना लाजतात आणि कधी धरलेच तर घटस्फोट देत नाहीत. आत हवा अडकली की ती बाहेर काढायला सोय हवी, नाहीतर माणूस वाराच भरत बसतो आणि बेअरिंग उपाशी राहते. हिवाळ्यात ग्रीस गोठते तेव्हा दाबून बघावी. आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही निविदेत नसते: ती ज्याला रोज दाबायची आहे त्याच्या हातात देऊन बघावी. खरेदीप्रमुखाच्या नव्हे. त्यांचा हात जेवतानासुद्धा दमत नाही.

मी बोलण्याआधी करून बघितले आहे. नवीन गन एके दिवशी ॲप्रनखाली घरी आणली (दुसऱ्या दिवशी परत ठेवली, भांडारपालाने चौकशी करू नये) आणि आमच्या जुन्या ट्रॉलीच्या चाकाला लावली. माझा हात नाजूक नाही. आमच्या घरात बरण्यांची झाकणं मी उघडते, लाकडं मी फोडते, पाव मी कापते, आताशा डुक्कर कापायच्या दिवशी सुरीही मीच धरते. तरी थोड्या वेळाने बोटांत कळा आल्या आणि घोड्यावर दोन्ही हात लावावे लागले. म्हणजे फोन घ्यायला तिसरा हात लागेल. तो संस्था पुरवणार आहे काय, याचा खुलासा व्हावा.

७. "पण तपासणी तर दर आठवड्याला होते," असे आपण म्हणाल. होते. श्री. बोगोल्युब पांढरा रुमाल घेऊन यंत्रांभोवती फिरतात. निपलवर बोट फिरवायचे, बोटाला ताजे ग्रीस लागले की "छान!" म्हणायचे आणि रुमालाला पुसायचे. आत काय गेले ते बोटाला कळत नाही. नवीन गनीचे तोंड निपलला नीट बसत नाही, त्यामुळे अर्धे ग्रीस बाहेरच साचते. म्हणजे जी गन जास्त गळते तिला तपासणीत जास्त "छान" मिळतात. पोटात अन्नाचा कण नसताना मिशीला साय लावून मिरवणाऱ्या माणसाला जेवलेला समजण्याची ही रीत आहे. आगीच्या आदल्याच दिवशी कंबाइन क्रमांक चारला "फार छान" मिळाले होते.

८. यंत्रकारागीर लायोश हे त्या आठवड्यात लेकीच्या लग्नासाठी सरहद्दीपलीकडे सेगेदला गेले होते. याचा प्रस्तुत विषयाशी काहीएक संबंध नाही. नोंदीपुरते लिहिले. परत आल्यावर त्यांनी सांगाड्यातले डाव्या बाजूचे बेअरिंग उघडून बघितले. आत ग्रीसचा टिपूस नव्हता. गोळ्या तापून निळ्या पडल्या होत्या. बाहेर निपलभोवती मात्र ग्रीसचे जाड कडे, आगीतही पुरते जळाले नव्हते. लायोश ते बेअरिंग हातात घेऊन बसले. मी विचारले, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. मी लग्नाला जायलाच नको होतं." माणूस लेकीच्या लग्नाला गेल्याबद्दल माफी मागतो आणि खरेदीप्रमुख कशाबद्दलच मागत नाहीत, हा आपल्या संस्थेतला पदानुक्रम आहे.

९. चौकशीच्या दिवशीही मीच पाणी घेऊन आत गेले होते. टेबलावर तीच पिस्तुली गन ठेवली होती. श्री. बोगोल्युब यांनी विचारले, "त्या दिवशी सकाळी ग्रीस भरलं होतंस?"

"भरलं होतं," रादिवोय म्हणाला.

"कसं भरलंस ते दाखव बरं. घे ही."

रादिवोयने गनीकडे बघितले. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. ऑगस्टमध्ये कोट कशाला, असे सकाळी मी विचारले नाही. तो म्हणाला, "मारियाच्या दिवशी काम केलं साहेब, शिक्षा झाली. आणखी काय दाखवायचं?"

"आधी खिशातला हात काढून बोल."

त्याने काढला नाही. आपण खिडकीबाहेर बघत होता. लायोश बुटांकडे बघत होते. मी ट्रेकडे. अहवालात लिहिले आहे: "चालकाची वर्तणूक उर्मट, समितीसमोर हात खिशात ठेवून उभा राहिला." आणि त्याखाली, "गुन्हा कबूल." जो माणूस सणासुदीला चर्चच्या दारातूनच मेणबत्ती लावून परत येतो, त्याने एकाएकी संताच्या कोपावर विश्वास ठेवला, याचे आपल्यापैकी कोणालाही नवल वाटले नाही. समितीला तर बरेच वाटले. संताकडून वसुली करता येत नाही, पण तिच्या विरोधात अपीलही कोणी करत नाही.

१०. सबब नम्र विनंती की,

(अ) पिस्तुली ग्रीसगनी ~~सदोष असल्याने~~ परत घ्याव्यात. व्यापारी घेत नसल्यास आपल्या कार्यालयात भिंतीवर, कुस्तीच्या ढालींच्या शेजारी टांगाव्यात. तिथे त्या शोभतील आणि दुसरा हातही मोकळा राहील.

(आ) दांड्याच्या जुन्या ग्रीसगनी भंगाराच्या खोलीतून काढून यंत्रशाळेत द्याव्यात. यापुढे निवड गालिच्यावर न होता यंत्राखाली व्हावी, आणि समितीने त्या वेळी आडवे पडून हजर राहावे.

(इ) रादिवोय पेयिन यांना फाटकावर बसवण्याचा आदेश रद्द करावा. बांबू वर-खाली करायला श्री. बोगोल्युब यांचा हात उपलब्ध आहे.

११. इथपर्यंत लिहून अर्ज संपला होता. संमती घ्यायची म्हणून रविवारी दुपारी, सूप वाढल्यावर, मी तो रादिवोयला वाचून दाखवला. लायोश लग्नातल्या केकचे खोके घेऊन आले होते, तेही बसले होते. "हात वर" तिथे दोघेही हसले. तिसऱ्या हातापाशी लायोशच्या नाकातून राकिया आली. मग मी विनंतीचा परिच्छेद वाचला, तेव्हा वरील (अ) मध्ये आता खोडलेला शब्द होता, आणि रादिवोयने चमचा खाली ठेवला. डाव्या हाताने.

"ते खोड," तो म्हणाला.

"काय खोडू?"

"सदोष. गन सदोष नाही. बावळट आहे, गळते, पण जोर लावला तर ग्रीस जातं आत. बाकीच्या तिघांचं गेलंच ना?"

"मी स्वतः लावून बघितली रादिवोय, मला दोन्ही हात..."

"तू ट्रॉलीच्या गंजलेल्या निपलला लावलीस. गप्प बस जरा." मग तो लायोशकडे वळला. "आणि तू केक खाऊ नकोस, इकडे बघ. रोज सकाळी मी यायच्या आत माझ्या कंबाइनचं ग्रीस कोण मारून ठेवत होतं? उंदीर?"

लायोश म्हणाले, "मला वाटलं तुझ्या लक्षात आलं नसेल."

"अख्खा हंगाम? मी काय आंधळा आहे?" त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, टेबलक्लॉथवर, पाव ठेवावा तसा. आम्ही तिघांनी त्या हाताकडे बघितले. इतक्या दिवसांत एकाच वेळी तिघांनी बघितले ते पहिल्यांदाच. "बघा," तो म्हणाला, आणि मूठ वळायला लागला. बोटे निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. कपाळावरची शीर फुगली, बोटे तिथेच.

मी अर्जाच्या कागदावर हात ठेवला, जणू तो उडून जाणार होता.

"मूठ मिटत नाही माझी," रादिवोय म्हणाला. "मारिया नाही, निष्काळजीपणा नाही, गन नाही. लायोश लग्नाला गेला, काखेत धरायची गन भंगारात गेली, आणि माझी मूठ मिटत नाही. पाच दिवस मी त्या घोड्याला नुसतं कुरवाळलं आणि रुमालासाठी वरून ग्रीस थापलं. लिही हे."

"रादिवोय, हे लिहिलं तर..."

"लिही. कंबाइनमध्ये मूठ लागत नाही. स्टिअरिंग तळव्यानं फिरतं, गिअरचा दांडा ढकलायचा असतो, आवळायचा नसतो. डोळे आहेत, कान आहेत. बेअरिंग ओरडायच्या आधी मला ऐकू येतं, त्या दिवशीही आलं होतं, म्हणून तर गव्हाबाहेर काढला. ते जुनं नळकांडं काखेत दिलं तर मी चारही कंबाइनना ग्रीस भरीन, मशकबाजा वाजवत. नाही दिलं तर फाटकावर बसवा, पण मूठ मिटत नाही म्हणून बसवा. त्या मारियाचं नाव काढ त्यातून. बाईमाणूस आहे, उगाच तिच्यावर नको." आणि मग, अगदी हळू, "आणि ते बरणीचं झाकण तू सैल करून माझ्यापुढे ठेवतेस ना, ते बंद कर. मला कळतं."

नम्रतेचा शिल्लक साठा या अर्जात संपवून,
आपल्या यंत्रशाळेची स्वयंपाकीण,

(सही) स्पोमेंका पेयिन

वरील मजकूर वाचला, मान्य आहे.

(सही) रादिवोय पेयिन
डाव्या हाताने

गोर्न्या ग्रेदा, ऑगस्टचा शेवटचा रविवार.

सोबत: कंबाइन क्रमांक चारचे डाव्या बाजूचे बेअरिंग, कापडात गुंडाळून. नव्या गालिच्यावर ठेवले तरी चालेल, ते पूर्ण कोरडे आहे.